गुरुवारचं निरूपण : गर्दीतलं सावधपण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी आपण पिंगळेपर्यंत आलो होतो. आज कुरर पक्ष्याची पाळी. पण मध्येच आपल्या बडीचौडीच्या मामींचं झालं. हैदराबादच्या निम्म्या मंडळींना ते कळलंय, उरलेल्यांना उलटंसुलटं कळलंय. बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या ग्रुपांवर तर काय काय पोचलं ते गुरुमहाराजच जाणे. म्हणून मामींनाच विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "नाव घालू नका, बाकी सगळं घाला. माझं चुकलेलं आधी घाला."

झालं ते असं. गुरुपौर्णिमेच्या अन्नदानासाठी मामी दरवर्षी बडीचौडी, सुलतान बाजार, काचीगुडा इथली घरं फिरून वर्गणी गोळा करतात. यंदा ११,४०० रुपये जमले. ते दिलसुखनगरच्या अण्णांकडे पोचवायला त्या कोठीच्या स्टॉपवर सिटी बससाठी उभ्या होत्या. सकाळची साडेनऊची वेळ. बाहेरगावच्या मंडळींना सांगतो, आमच्याकडे ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत बायकांना ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट नाही. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. आमच्या घरच्या बायका त्यामुळं खऱ्या अर्थानं मोकळ्या झाल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण पुढच्या दारात गर्दी असते, आणि गर्दी झाली की गर्दीवर पोट भरणारेही येतात. "मेट्रो रेल्वेनं का नाही गेल्या" असं विचारणाऱ्यांनी मामींच्या पेन्शनचा आकडा एकदा विचारून बघावा.

बस आली. पायरीवर चढणारी एक बाई मध्येच थांबून आत कुणाला तरी विचारू लागली, ही गाडी एल. बी. नगरला जाते का. मागून रेटा आला. मामींचा उजवा खांदा दाराच्या दांडीवर असा दाबला गेला की कळ मस्तकात गेली. त्या कशाबशा चढल्या. पायरीवरची बाई "ही नाही ती गाडी" म्हणत उतरून गेली. बस सुटली. चादरघाट गेल्यावर कंडक्टर आला, "अम्मा, आधार." मामींनी खांद्यावरच्या कापडी पिशवीत हात घातला, तो खालून बाहेर आला. पिशवीचा तळ ब्लेडनं चिरलेला. पर्स नाही, पैसे नाहीत, आधार नाही.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही शहरात रोज घडते. मामींनी लिहा म्हणून सांगितलं ती पुढची.

त्यांच्या शेजारी एक फुलंवाली उभी होती. कडेवर मूल, हातात टोपली. मामींनी तिच्याकडं बोट केलं. "हीच मला चिकटून उभी होती." अहो, त्या बसमध्ये सगळेच सगळ्यांना चिकटून उभे होते! पण बोट झालं की पुढचं लोक करतात. "दोंग, दोंग" असा ओरडा झाला. मागच्या बाजूनं एक माणूस आला, त्यानं तिची टोपली उलटी केली. एका बाईनं तिच्या थोबाडीत मारली. टोपलीतून काय निघालं? उरलेले गजरे, बिस्किटांचा पुडा, थोडी चिल्लर, मुलाची दुधाची बाटली. ती बाई रडली नाही, भांडली नाही. सीटखाली घरंगळत गेलेली बाटली तेवढी वाकून शोधत राहिली. ती सापडल्यावर मलकपेटला उतरून गेली.

मामी मला म्हणाल्या, "पैशाचं दुःख दोन दिवसांत गेलं. ती बाटली जात नाही."

आता यात आपण सगळे कुठं आहोत ते बघू.

समर्थांनी दासबोधात हरिकथेला पहिलं स्थान दिलं, राजकारणाला दुसरं, आणि लगेच तिसरं सावधपणाला. म्हणजे हा अध्यात्माबाहेरचा विषय नाही. लग्नात भटजींनी म्हटलेला 'सावधान' हा शब्द तर आपण हजारदा ऐकलाय. तो ऐकून एकच मुलगा बोहल्यावरून उठून गेला, बाकीच्यांनी अक्षता टाकल्या. पण सावध राहायचं म्हणजे नेमकं कुठं बघायचं, याचा आपला घोटाळा आहे. सावध हो म्हटलं की आपण लोकांचे चेहरे बघू लागतो. हा काळा, हिचा पदर मळका, त्याची दाढी वाढलेली, ही आपली भाषा बोलत नाही. चेहरे मोजता मोजता पिशवीवरचा हात सुटतो.

हे लोक काम कसं करतात ते ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल. सहसा एकटा माणूस नसतो. एकजण पुढं अडवतो, म्हणजे पायरीवर थांबतो, काहीतरी विचारतो, किंवा चिल्लर सांडतो. दुसरा मागून रेटतो. तिसरा हात मारतो, आणि मारलेली वस्तू क्षणात चौथ्याकडं जाते. चौथा बसमध्ये चढतच नाही, किंवा पुढच्याच स्टॉपला उतरतो. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा ज्याच्याजवळ माल आहे तो तिथं नसतो. जे उरतात ते तुमच्या-माझ्यासारखे, नाहीतर त्या फुलंवालीसारखे. मामींच्या शेजारी चोर शोधणं म्हणजे ओढ्याचं पाणी वाहून गेल्यावर काठावरच्या दगडाला जाब विचारणं.

आणि दुसरी गोष्ट खांद्याची. शरीराला एका वेळी दोन स्पर्श आले तर मन मोठ्याकडं धावतं, बारका कळतच नाही. खांदा जोरात दाबला की कंबरेपाशी काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवलं माहीत नाही, पण त्यांना ते येतं. म्हणून माझं साधं सांगणं आहे, गर्दीत जिथं धक्का बसेल तिकडं वळून बघायचं नाही. धक्का बसला की हात आधी पिशवीवर. धक्का देणाऱ्याशी भांडण नंतर करा, हौस असेल तर.

अजून एक. स्टेशनवर 'खिसेकापूंपासून सावधान' अशी पाटी दिसली की माणूस नकळत आपला खिसा चाचपून बघतो. खिसेकापू तेवढंच बघत उभे असतात, असं म्हणतात. ज्याचा हात जिथं गेला, तिथं त्याचा जीव! गुरुमहाराज हेच मनाबद्दल सांगायचे. तुमची आसक्ती कुठं आहे ते तुम्ही लपवता, पण तुमचा हात सारखा तिथंच जातो, जगाला ते दिसतं.

आता कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा घेऊन तो उडाला. ज्यांच्याजवळ तुकडा नव्हता ते बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्यानं तुकडा टाकला आणि सुखी झाला. अवधूताला तेवढ्यानं कळलं. आपण अवधूत नाही. तुकडा टाकून दिला तर विजेचं बिल कोण भरणार? पण संसारी माणसासाठी त्यातला अर्धा उपदेश तरी घेता येतो. जे आज चोचीत असण्याची गरज नाही, ते चोचीत घेऊन उडू नका. मामींच्या पर्समध्ये वर्गणीशिवाय काय काय होतं ऐका: दोन एटीएम कार्डं, एका चिठ्ठीवर त्यांचे पिन नंबर, घराची किल्ली, आणि नातवाच्या बारशाची अंगठी, जी सोनाराकडं द्यायची म्हणून तीन महिने पर्समध्येच फिरत होती. हसू नका. आपापल्या पर्स आज रात्री पलंगावर उलट्या करा आणि ग्रुपवर न लिहिता स्वतःशीच बघा.

सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. वाटेत लागतील तेवढे वर, बाकीचे आत. पुरुषांनी पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवणं बंद करावं, तो खिसा आपला नसतोच. गर्दीत पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची. पिशवी चेनची हवी, चेन आपल्या अंगाकडं, आणि पिशवी काखेत, खांद्यावरून मागं लोंबती नको. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून खाली वाकायचं नाही. आधार, पास हे हाताशी यावेत म्हणून वेगळ्या लहान पाकिटात, म्हणजे ते काढताना पैशाची पर्स चारचौघांत उघडावी लागत नाही. बस आली की पळायचं नाही. दुसरी येते. चढण्याची आणि उतरण्याची वेळ तेवढी सांभाळली तरी बरंच सांभाळलं, कारण जास्त करून तेव्हाच होतं. आणि मोठी रक्कम असेल तर ती घेऊन बसमध्ये जायचंच नाही. वर्गणीच्या बाबतीत आमचीच चूक, मामींची नाही. सत्तरीच्या बाईला एकटीनं पैसे घेऊन पाठवणारे आम्ही. यापुढं वर्गणी थेट खात्यावर, आणि ज्यांना रोखच द्यायची त्यांच्या घरी दोघंजण जातील, त्याच दिवशी बँकेत भरतील.

दागिन्यांबद्दल बोललं की भगिनी नाराज होतात, पण बोलतो. चोवीस गुरूंत पुढं एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आले, घरचं कुणी नव्हतं, ती आत साळी कांडू लागली आणि हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. तिला संकोच वाटला. एकेक करत तिनं बांगड्या उतरवल्या, शेवटी दोन्ही हातांत एकेकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूत तिच्याकडून एकांत शिकला. मी आज तिच्याकडून एवढंच घेतो की वेळ बघून दागिना उतरवणं अशुभ नाही. मंगळसूत्र गळ्यात हवंच ना? मग काळी पोत घालून निघा. सोन्याच्या वाट्या आणि गंठण घरी देवापाशी राहू द्या, पतीचं आयुष्य ग्रॅमवर मोजत नाहीत. गाणगापूरला दत्तजयंतीला जाताना गाणगापूर रोड स्टेशनवर उतरून पुढच्या बससाठी, जीपसाठी जी झुंबड उडते, तिथं गंठण घालून उभं राहण्यात कुठली भक्ती? इंदूरच्या मंडळींपुढं तर २०२८ चा उज्जैनचा सिंहस्थ आहे. तिथं क्षिप्रेत डोकं बुडवताना गळ्याकडं लक्ष राहील की स्नानाकडं?

याच कुमारिकेनंतर बाण करणारा कारागीर येतो. तो कामात असा बुडालेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. ध्यानासाठी तो गुरू बरोबर आहे. बसमध्ये मात्र त्याला घरी ठेवून या. कानात दोन बोंडं घालून, मान फोनमध्ये खुपसून आमची मुलं असतात तो हाच कारागीर. आणि आमचे काही ज्येष्ठ गुरुबंधू डोळे मिटून जप करत उभे असतात तेही तेच. एका गुरुबंधूंचं पाकीट असंच जपात गेलं होतं. ते गुरुमहाराजांकडं तक्रार घेऊन गेले, "मी तर नाम घेत होतो, महाराज. देवानं राखायला नको होतं?" महाराज म्हणाले, "देवानं डोळे दिले होते, ते तू मिटलेस. आता त्यानं येऊन खिसाही धरायचा का?" उघड्या डोळ्यांनीही नाम घेता येतं. कंडक्टरला तिकिटाचं उत्तर देता देता घेता येतं.

आता मामींच्या घटनेनंतरचं, आणि हे लिहायला मला जड जातंय.

त्या संध्याकाळी आपल्या ग्रुपवर त्रेसष्ट मेसेज आले. मी मोजले. "काळजी घ्या" हे बहुतेकांचं. पण एकानं लिहिलं, "त्या वस्तीतले लोक तसलेच." त्यावर अकरा अंगठे पडले, त्यातला एक माझा. मी, जो दर गुरुवारी तुम्हाला सर्वांभूती दत्त सांगतो. दुसऱ्या एका भगिनीनं लिहिलं, गुरुकार्याचे पैसे गेले म्हणजे मामींच्या सेवेत काही न्यून राहिलं असेल. हे वाचून मामी रात्रभर देवापुढं बसून होत्या, हे त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. आणि एका गुरुबंधूनं मला खासगीत विचारलं, "पावतीपुस्तक बघितलंत का? पैसे खरंच होते ना पिशवीत?"

मी काय उत्तर दिलं? "बघू" असं लिहिलं. तीस वर्षं वर्गणीचा एक रुपया इकडचा तिकडं न केलेल्या बाईबद्दल मी "बघू" लिहिलं. नाही म्हणून ठणकावायला मला दोन दिवस लागले. खिसेकापूनं एक पर्स नेली. मामींवरचा विश्वास मात्र बसमधला कुणी नेला नाही, तो आम्ही घरात बसून, चहा पीत, अंगठ्यानं कापला. पायरीवरची ती बाई निदान पोटासाठी करत असेल.

नाथांच्या घरी चोर शिरले त्याची कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे, कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेली. भांडी गोळा केलेल्या चोरांनाही नाथांनी जवळ केलं, जेवू घातलं. ते नाथ होते. चोराला जेवू घाला असं मी कुणाला सांगत नाही, माझ्याच्यानं ते होणार नाही. पोलिसांत तक्रार करावीच, त्यात वैर नाही. पण ज्यानं चोरलं नाही त्याला न मारणं, एवढं तरी नाथांच्या घराण्यात जन्मलेल्यांना जमायला हवं. गर्दीत ओरडा झाला की आपण हात उगारणाऱ्यांत नसावं. कुणाची टोपली उलटी होत असेल तर "थांबा, कंडक्टरला बोलवा, पोलिसांना बोलवा" एवढं म्हणणारा एक आवाज आपला असावा. त्या बसमध्ये साठ-सत्तर माणसं होती. तो आवाज निघाला नाही.

गेलंच तर काय करायचं, तेही घाईनं सांगून टाकतो. बसमध्ये कळलं तर कंडक्टरला सांगा आणि ११२ ला फोन करा, रेल्वेत असाल तर १३९. फोन गेला असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा, कारण आता पैसे पर्समध्ये कमी आणि फोनमध्ये जास्त असतात. खात्यातून पैसे गेले तर १९३० हा क्रमांक, जितक्या लवकर तितकं बरं. 'संचार साथी'वर तक्रारीची प्रत जोडून चोरीचा फोन देशात कुठंच चालणार नाही असा बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. तो फोनच्या खोक्यावर असतो, किंवा फोनवर *#०६# दाबलं की दिसतो. आजच वहीत लिहून ठेवा. आधारबद्दल १९४७ वर विचारता येतं. आणि "आमची हद्द नाही" असं ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झाला, त्यात गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. मामींची तक्रार दुसऱ्या दिवशी आमच्या मुलानं सोबत जाऊन नोंदवली. किल्ली गेली होती म्हणून कुलूपही बदललं.

अजून दोन निरोप आहेत.

परवा मामी आमच्या घरी आल्या. सौ.च्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं आणि चहाही न घेता निघाल्या. उघडून बघितलं तर ११,४०० रुपये. त्यांच्या दोन बांगड्या दिसत नाहीत हे सौ.च्या लक्षात आलं. मी ते पैसे त्याच संध्याकाळी परत नेऊन दिले. त्या घेईनात, मी त्यांच्या देवापुढं ठेवून आलो. या रकमेवरून अजून कुणाच्या मनात काही असेल तर त्यानं खासगीत लिहू नये, रविवारी आरतीनंतर मला तोंडावर विचारावं. यंदा अन्नदानात पुरणपोळी होणार नाही. मसालेभात, कढी आणि शिरा होईल. वर्गणी पुन्हा गोळा करायची नाही, असं अण्णांशी बोलून ठरलं आहे.

दुसरा निरोप मामींचा. गेले दोन सोमवार त्या कोठीच्या स्टॉपवर साडेनऊला जाऊन उभ्या राहतात. पिशवी नवी, चेनची, पोटाशी धरलेली. तीच बस धरतात, मलकपेटला उतरतात, फुलांच्या टोपल्यांपाशी एकेका बाईकडं बघत फिरतात. ती भेटली नाही. भेटली तर काय म्हणणार, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तेलुगूत माफ कर कसं म्हणतात ते सुनेकडून शिकून घेतलंय." येत्या सोमवारी सौ. त्यांच्याबरोबर जाणार आहेत. आणखी कुणाला यायचं असेल तर सव्वानऊला कोठीच्या स्टॉपवर या. पुढच्या गुरुवारी लहान मूल आणि कुमारिका, दोन्ही गुरू सावकाश घेऊ.

श्री गुरुदेव दत्त 🙏